आमरीचे क्षेमकुशल

दर रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, फोन येतो. आक्का शहात्तर वर्षांची, मी एकोणसत्तरचा. या वयाच्या भावंडांचे बोलणे एरवी गुडघ्यांपासून सुरू होते, नाहीतर भाजीच्या भावापासून. पण आक्काचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"कशी आहे रे ती?"

'ती' म्हणजे आमची सूनबाई नव्हे की नात नव्हे. 'ती' म्हणजे गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या तारेशेजारी टांगलेली एक आमरी. सारे जग जिला ऑर्किड म्हणते, ती. आक्काने माझ्याकडे दिलेली ती ठेव आहे.

पहिले वर्षभर मी या प्रश्नाला एकच उत्तर देत असे, "फूल नाही अजून." आणि आक्काही दर वेळी तेच म्हणे, "फुलाचं कोण विचारतंय? ती कशी आहे, ते सांग."

या दोन बोलण्यांतले अंतर कळायला मला बराच काळ लागला. त्यापायी एक झाड हातचे गेले, आणि एक शब्द तोंडून निघून गेला तो अजून सलतो. त्याचीच ही हकीकत.

निरोपाची भेट

आमच्या घरात आलेली पहिली आमरी ही नव्हे. मी सेवानिवृत्त झालो त्या दिवशी कचेरीतल्या मंडळींनी शाल-श्रीफळाबरोबर एक कुंडी हातात ठेवली होती. जाड, रुंद पाने, मधून वर निघालेला कमानदार दांडा आणि त्यावर अकरा पांढरीशुभ्र फुले. जणू पाखरांची रांग बसली आहे! हिचे नाव फॅलिनॉप्सिस. ग्रीक भाषेतल्या या शब्दाचा अर्थच मुळी 'पतंगासारखी दिसणारी' असा आहे.

आम्ही ती शोकेसवर, सर्वांच्या नजरेत भरेल अशी ठेवली. महिना झाला, दोन महिने झाले, फुले जशीच्या तशी! येणारा-जाणारा थबके. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या हाताला गुण आहे हो!" चाळीस वर्षे खतावण्या लिहिलेल्या हाताचे असे कौतुक झाल्यावर काय विचारता? मी रोज सकाळी नेमाने पेलाभर पाणी घालू लागलो. कुंडीखालच्या बशीत पाणी साचलेले दिसले की मला समाधान वाटे.

अडीच महिन्यांनी फुले गळली. मग पाने सुरकुतली. तहान लागली असेल म्हणून मी दोन पेले पाणी घालू लागलो. एके दिवशी पानावरची धूळ पुसायला गेलो, तर सगळे झाड अलगद माझ्या हातात आले! कुंडीत मुळे म्हणून काही उरलेच नव्हते. होता तो काळपट, पिळपिळीत गाळ, आणि त्याला येणारा कुबट वास. वर फुले हसत होती आणि त्याच वेळी खाली हे चालले होते. पाने सुरकुतली ती कोरडीमुळे नव्हे. भोवती पाणी होते, पण ते प्यायला मुळेच नव्हती.

आक्काला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "ती फुलं तुझी नव्हतीच रे. ती माळ्याची होती."

ते अक्षरशः खरे आहे. आमरीचे बी धुळीच्या कणासारखे असते. रुजताना लागणारी शिदोरी त्यात जवळजवळ नसतेच. रानात एका बुरशीच्या मदतीने ते रुजते. १९२२ साली लुईस नूडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने बुरशीवाचूनही, साखर घातलेल्या खळीवर बाटलीत ते रुजवता येते, असे दाखवून दिले. पुढे १९६० साली झॉर्झ मोरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोंबाच्या टोकाच्या इवल्याशा तुकड्यापासून रोपे करण्याची वाट दाखवली. त्यातून हळूहळू एकासारखी एक हजारो रोपे निघू लागली. एके काळी धनिकांच्या काचघरात राहणारी आमरी दादरच्या फूलबाजारात जुडीने मिळू लागली ती यामुळे. पण बाटलीतून बाहेर काढलेले रोप फुलावर यायला दोन-तीन वर्षे तरी जातात. तेवढी वर्षे कोणी त्याचे ऊन, पाणी, खत मोजूनमापून सांभाळलेले असते. त्या संगोपनाचे फळ म्हणजे ती फुले. आपल्या घरात आल्यावर ती दोन महिने टिकतात, यात आपले कर्तृत्व थोडेच! पानांत साठवलेल्या पाण्यावर झाड बराच काळ निभावून नेते.

दुकानातून आणलेली आमरी फुललेली आहे, याचा अर्थ ती काल सुखात होती, एवढाच. आज सुखात आहे की नाही, ते फुलाला विचारून कळत नाही.

आक्काची ठेव

आक्काचे सारे आयुष्य लालबाग-परळात गेले. परळच्या एका शाळेत तिने चौतीस वर्षे शिकवले. यजमान लवकर गेले. मूलबाळ नाही. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर तिची एक खोली, आणि खोलीपुढच्या गॅलरीत ही आमरी. राणीच्या बागेतल्या पुष्पप्रदर्शनातून तिने एका वर्षी आणलेली. गेल्याच्या गेल्या वर्षी फाल्गुनात ती चाळ पुनर्बांधणीसाठी रिकामी झाली आणि आक्का काळाचौकीला भाड्याच्या खोलीत राहायला गेली. त्या खोलीला खिडकी आहे, पण ती नळ-पाइपांच्या चौकात उघडते. तिथे सूर्याचे दर्शन नाही.

म्हणून आक्का टॅक्सी करून, आमरी मांडीवर घेऊन आमच्याकडे आली. मी पाहतो तो लाकडी पट्ट्यांची एक परडी, तिच्यात कोळशाचे आणि विटांचे तुकडे. त्यातून उसाच्या बारक्या कांड्यांसारखे सात-आठ दांडे वर आलेले, त्यांतल्या निम्म्यांना पान म्हणून नाही! परडीच्या फटींतून पांढुरकी मुळे दोऱ्यांसारखी लोंबत होती.

"आक्का, ही तर वाळकी काटकी!" मी म्हणालो. "फूल येऊन किती दिवस झाले?"

"झाली दोन वर्षं. चाळ पाडायच्या आधीपासूनच टेकू आणि ताडपत्र्या लावल्या होत्या ना, ऊन मिळेना तिला."

"मग वांझच म्हणायची की!" मी हसत हसत बोलून गेलो.

बोललो आणि आमची सौ. माझ्याकडे पाहतच राहिली. आक्का काही क्षण परडीची तार सारखी करत होती. मग शांतपणे म्हणाली, "फूल नाही म्हणून झाड वांझ नसतं रे. मुळं बघ तिची." पुढे तिने चहा घेतला, पाणी कधी घालायचे ते सांगितले आणि ती गेली.

रात्री सौ. एवढेच म्हणाली, "वन्संच्या पुढ्यात कोणता शब्द वापरावा, याचा काही विचार?" मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी क्षमा मागण्यासाठी फोन केला आणि पाण्याबद्दल काहीतरी विचारून ठेवून दिला. सत्तरीच्या भावाला साठ वर्षांच्या सवयी आड येतात. क्षमा मागता आली नाही, तेव्हा निदान तिने सांगितले ते करावे, म्हणून मी मुळे पाहू लागलो.

जागा दुसऱ्याची, चूल स्वतःची

आमरीची मुळे समजायची तर ती मुळात राहते कोठे ते पाहिले पाहिजे. आपल्या सह्याद्रीत ती पुष्कळ आहे. धोबी तलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवणारे फादर सांतापाव यांनी कपाडियांच्या बरोबर लिहिलेला 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' हा जाडजूड ग्रंथ १९६६ साली निघाला, तो सारा जुन्या मुंबई इलाख्यातल्या आमरींवरच आहे. कोकणात आंब्या-फणसाच्या फांदीवरून मे-जूनमध्ये गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लांब घोस लोंबताना दिसतात, ती 'सीतेची वेणी' आमरीच. आसामात तिला 'कपौ फूल' म्हणतात. बिहू नाचणाऱ्या मुली ती खरोखरीच केसांत माळतात.

झाडावर वाढते म्हणून पुष्कळ लोक तिला बांडगूळ म्हणतात, तो मात्र अन्याय आहे. बांडगूळ झाडाच्या फांदीत मुळे खुपसून त्याचा रस पिते. आमरी नुसती बसायला जागा घेते. आमच्या चाळीच्या भाषेत सांगायचे तर भाडेकरू आहे. जागा दुसऱ्याची, पण चूल स्वतःची! पावसाचे पाणी, हवेतला ओलावा, फांदीवर साचलेला पालापाचोळा, यांवर तिचा प्रपंच.

असा प्रपंच चालवायला मुळेही तशीच लागतात. या मुळांवर मेलेल्या पेशींचे स्पंजासारखे एक वेष्टन असते. कोरडे असताना त्यात हवा भरलेली असते, म्हणून मूळ रुपेरी दिसते. पाणी पडले की ते वेष्टन भरते, पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग वर दिसतो. पाणी द्यायचे की नाही, ते झाड स्वतःच असे रंगाने सांगते. मूळ रुपेरी झाले की पाणी घालावे. हिरवे असेल तर थांबावे. काळे, मऊ पडले असेल तर आपला हात सैल सुटला, असे समजावे. या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माझ्या पहिल्या आमरीचा मी पाणी घालघालून श्वास कोंडला होता.

सर्वांत महत्त्वाचे असते ते मुळाचे टोक. मूळ वाढत असेल तर टोकाचा भाग अर्ध्या-पाऊण इंचापर्यंत ओला, चकचकीत, हिरवा किंवा जांभळट दिसतो. वाढ थांबली की तेही रुपेरी वेष्टनाखाली झाकून जाते. तेव्हा झाड विश्रांती घेत असते. वर्षातले काही महिने अशी विश्रांती चालायचीच. पण पाऊस आला तरी एकही टोक हिरवे झाले नाही, तर काळजी करावी. आणि मुळे कुंडीबाहेर पडली म्हणून कात्री घेऊन धावू नये. ती पळून जात नाहीत, हवा खायला बाहेर पडतात.

काळ्याभोर पानांचा डौल

पहिल्या पावसाळ्यात आक्काच्या आमरीने बुडातून एक नवा कोंब काढला. मला कोण आनंद! दिवाळीपर्यंत त्याला लांब, गर्द हिरवी पाने आली. रविवारी मी फोनवर डौलाने सांगितले, "आक्का, पानं बघ काय काळीभोर झाली आहेत! तुझ्याकडे अशी नव्हती."

पलीकडे क्षणभर शांतता. मग आक्काचा काळजीचा आवाज, "अरे, उपाशी आहे ती!"

आपल्याला वाटते, जितके हिरवे तितके निरोगी. आमरीच्या बाबतीत ते उलटे पडते. प्रकाश कमी पडला की ती आहे तेवढा टिपून घ्यायला पाने गर्द करते. सुखात असलेल्या आमरीचे पान कोवळ्या कैरीच्या रंगाचे, किंचित पोपटी असते. त्यावर लालसर झाक आली तर ऊन अंमळ जास्त झाले, आणि भाजल्यासारखे डाग पडले तर फारच. अगदी खालचे, जुने पान पिवळे पडले तर घाबरू नये. त्याचे वय झालेले असते. नवे पान पिवळे पडले, तर मात्र मुळांकडे पाहावे.

"पट्टी आहे का घरात?" आक्काने विचारले. "या वर्षीचा दांडा आणि मागचा दांडा मोज."

मी नातीच्या दप्तरातली फूटपट्टी आणली. लालबागच्या गॅलरीत ताडपत्र्या लागण्यापूर्वी वाढलेला सर्वांत मोठा दांडा १६ इंच होता. नंतरचे दोन ओळीने खुजे होत गेलेले. आणि आमच्याकडचा हा नवा, ज्याच्या पानांचे मी पोवाडे गात होतो, तो भरला जेमतेम १२ इंच!

आक्काची आमरी डेंड्रोबियम जातीची. ती दरसाल बुडातून नवा दांडा काढते. तिच्या प्रकृतीची नाडी इथे सापडते. नवा दांडा मागच्याइतका किंवा मागच्याहून उंच नि जाड असला, की ती चढती आहे. दरसाल खुजा होत गेला, तर वर फुले असोत वा नसोत, ती साठवणीतले मोडून खाते आहे. पतंगासारख्या फुलांच्या फॅलिनॉप्सिसला असे दांडे नसतात. तिथे पानावरून हीच परीक्षा करावी. वर्षाकाठी दोन-तीन पाने यावीत, आणि प्रत्येक नवे पान आधीच्या पानाएवढे तरी भरावे.

पानगळ झालेले ते जुने दांडे मी 'वाळक्या काटक्या' म्हणून कापणार होतो. बरे झाले, आक्काला आधी विचारले. तो दांडा गुळगुळीत, टणक असेल तर ती झाडाची कोठी आहे. पाणी आणि अन्न तिच्यात साठवलेले असते, आणि कधी कधी अशाच जुन्या दांड्याच्या शेंड्याला फूल येते. सह्याद्रीत डेंड्रोबियम बार्बाट्युलम नावाची एक आमरी आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला ती पान नसलेल्या काटक्यांवर पांढरी फुले मिरवते. ज्याने तिला पौषात मेलेली ठरवले, त्याची चैत्रात फजिती होते.

आम्ही परडी तारेच्या या टोकाकडून त्या टोकाला नेली. तिथे सकाळी साडेदहापर्यंत कोवळे ऊन येते. सौ.ने आपल्या चादरी अलीकडे सरकवल्या. पाणी सकाळी, तेही मुळांचा रंग पाहून. पावसाळ्यात झडीचे आठ-आठ दिवस अजिबात नाही. आणि खत अगदी पातळ करून, पण नेमाने.

फुलाचे काय?

आता कोणी म्हणेल, "अहो, पण आमरी आणायची ती फुलासाठीच ना?" खरे आहे. चढत्या आमरीला फूल येते, त्याची गोडी काय वर्णावी! पण फुलाची साक्ष एकट्याने घेऊ नये. विझताना ज्योत मोठी होते, तसे कधी कधी जीवावर बेतलेली आमरीही फुलून जाते. उलट फूल न येण्याचे कारण झाडाच्या दुबळेपणातच असते असे नाही. फॅलिनॉप्सिसला दांडा काढायला काही आठवडे गार रात्री लागतात, आणि आपल्या मुंबईत गारवा येतो तो डिसेंबर-जानेवारीत, तोही पाहुण्यासारखा. उमलती फुले एकाएकी मलूल पडली, तर आधी खाटेखाली पाहावे. तिथे आंब्यांची पेटी तर नाही? पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि आमरीची फुले त्याने कोमेजतात. आमच्या शेजारच्या वहिनींकडे मे महिन्यात हेच झाले होते. त्यांनी दृष्ट काढली. मी पेटी हलवायला सांगितले.

कधी डेंड्रोबियमच्या शेंड्यालाच चिमुकले रोप फुटते. हवाई बेटांच्या भाषेतला 'कैकी', म्हणजे बाळ, हा शब्द जगभरचे बागवान त्याला वापरतात. एखादे आले तर कौतुकाने वाढवावे. पण फुलांच्या जागी अशी बाळेच येऊ लागली, तर मुळे शाबूत आहेत ना, ते पाहावे. झाड कधी कधी आपली जागा धोक्यात आहे असे ओळखून वंश पुढे ढकलत असते.

या दिवाळीत आपल्यापैकी कोणाच्या घरी भेट म्हणून आमरी येईल. फुले आहेत तोवर त्यांचा आनंद घ्या. ती गळली की कुंडी कचऱ्यात टाकू नका. खरी ओळख तेव्हापासून व्हायची असते. मात्र रानातली आमरी उपटून आणू नका. ती फांदीवरच सुखात आहे.

भाऊबीज

गेल्या भाऊबीजेला मी काळाचौकीला गेलो. आक्काची खोली दहा बाय बाराची. दाराबाहेर चपलांची रास! मला वाटले, काही झाले की काय. आत पाहतो तो आठ-दहा माणसे दाटीवाटीने बसलेली. कोणाचे केस पिकलेले, कोणाच्या कडेवर मूल. एक बेस्टमध्ये बस चालवतो, एक परिचारिका आहे, एकाचे मसाल्याचे दुकान. सगळे आक्काच्या वर्गातले. बाईंचा पत्ता बदलला म्हणून शोधत आलेले. एकाने खोलीतला दिवा बदलला, एकीने फराळाचे डबे फळीवर लावले. "बाई, नव्या इमारतीचं काय झालं? मी विचारून येतो," असे तिसरा सांगत होता. आक्का कोणाच्या तरी मुलीला बेसनाचा लाडू भरवत होती.

मी एका कोपऱ्यात बसून पाहत राहिलो. फाल्गुनातला तो शब्द घशाशी येऊन अडकला होता. तेवढ्या माणसांत तो काढता आला नाही.

यंदा आषाढात आमरीला पुन्हा कोंब फुटला. गणपतीत तो वीतभर झाला. नवरात्र संपल्यावर मी पट्टी लावली. गेल्या रविवारी साडेनऊला फोन आला.

"कशी आहे रे ती?"

"ऐक," मी म्हणालो. "पाच मुळांची टोकं हिरवी आहेत. पानं कैरीच्या रंगाची. नवा दांडा १७ इंच, आणि जाडीलाही मागच्याहून सरस."

आक्का काही बोलली नाही. मग तिने एक मोठा निःश्वास सोडला. "मग सुखात आहे म्हणायची."

फूल आले का, हे तिने विचारले नाही. आलेले नव्हतेच. मीही ते सांगितले नाही. म्हणालो, "आक्का, ती आणलीस त्या दिवशी मी जे बोललो, ते बोलायला नको होतं."

पुन्हा थोडा वेळ शांतता. चौकातल्या नळाचे पाणी पडल्याचा आवाज मला फोनवरून ऐकू येत होता.

"पाणी सकाळीच घालतोस ना?" आक्काने विचारले.

"सकाळीच घालतो."

"मग झालं तर. भाऊबीजेला लवकर ये. गर्दी असते."